हातातला हुन्नर कागदावर कसा उतरवावा?
कारागीर व दुकानदार तरुणांसाठी बायोडाटा-लेखनाचा धडा

भिवंडी, मालेगाव व इचलकरंजीचे यंत्रमाग असोत, कुर्ल्याची गॅरेजेस असोत, की धारावीतील चामड्याचे व जरीचे कारखाने असोत, आपल्या समाजातील हजारो तरुण शाळा सुटताच उस्तादाच्या हाताखाली काम शिकू लागतात. आठ-दहा वर्षांत त्यांच्या हातात असा हुन्नर येतो की यंत्राचा नुसता आवाज ऐकून बिघाड कोठे आहे हे ते सांगू शकतात. परंतु हाच तरुण जेव्हा चाकण, रांजणगाव किंवा वाळूजच्या एखाद्या कंपनीच्या दारात उभा राहतो, तेव्हा त्याच्या हुन्नराची साक्ष देणारा कागदाचा एक तुकडाही त्याच्याजवळ नसतो. परिणामी त्याला 'हेल्पर' म्हणून घेतले जाते, आणि त्याच्याहून निम्मे काम येणारा पण नीट अर्ज लिहिणारा मुलगा त्याच्यावर 'ऑपरेटर' म्हणून येतो. फरक हुन्नराचा नसून कागदाचा असतो. पगारातील हा फरक पुढे कित्येक वर्षे चालू राहतो, हे लक्षात घ्यावयास हवे.

२००६ सालच्या सच्चर समितीच्या अहवालाने दाखवून दिले होते की, स्वतःचा लहानसहान धंदा करणाऱ्यांचे प्रमाण मुस्लिम समाजात इतरांपेक्षा अधिक असून नियमित पगाराच्या नोकरीतील प्रमाण कमी आहे. ज्या घरात पिढ्यानपिढ्या कोणी अर्ज लिहिलाच नाही, त्या घरातील मुलाला अर्ज लिहिता येत नाही यात नवल ते काय? म्हणून या पानावर आज व्यापाराऐवजी नोकरीच्या अर्जाचा, म्हणजेच बायोडाटाचा विचार करू.

बायोडाटा म्हणजे काय?

बायोडाटा म्हणजे आपली जीवनकथा नव्हे, आणि विनंतीअर्जही नव्हे. दुकानदार मालाचा नमुना दाखवतो, त्याचप्रमाणे आपल्या कामाचा तो नमुना होय. साहेबाच्या टेबलावर असे पन्नास-शंभर कागद पडलेले असतात व एकेका कागदाला तो अर्धा मिनिटसुद्धा देत नाही. तेवढ्यात त्याला दोनच गोष्टी कळावयास हव्यात : या माणसाला काय येते, आणि याच्यावर भरवसा ठेवता येईल काय?

या दोन कसोट्या आपल्याला नवीन नाहीत. दिव्य कुरआनात ह. यूसुफ (अ.) यांचा वृत्तान्त आहे. इजिप्तच्या राजाकडे त्यांनी कोठारांची जबाबदारी मागितली, तेव्हा स्वतःचे दोनच गुण सांगितले : आपण जतन करणारे आहोत व आपल्याला त्या कामाचे ज्ञान आहे. ह. मूसा (अ.) मदयनला पोहोचले, तेव्हा तेथील वृद्ध गृहस्थांच्या मुलीने त्यांना कामावर ठेवण्याची सूचना वडिलांना केली व कारणेही दोनच दिली, अंगातील बळ आणि विश्वासूपणा. यावरून दिसते की गरजेच्या वेळी आपली पात्रता सांगणे ही बढाई नव्हे. अनेक कारागीर संकोचाने म्हणतात, "आपल्या तोंडाने आपले काय सांगायचे?" जे खरे आहे व ज्याची समोरच्याला गरज आहे, ते सांगितलेच पाहिजे.

आधी कच्ची यादी करा

बहुतेक मुले सरळ झेरॉक्स किंवा सायबर कॅफेच्या दुकानात जातात आणि तेथील तयार नमुन्यात नाव-पत्ता बदलून घेतात. त्यात वर 'आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या प्रगतीस हातभार लावणे' असे उद्दिष्ट असते व खाली छंद म्हणून क्रिकेट व गाणी ऐकणे. मध्ये कामाविषयी एकच ओळ असते : 'वेल्डिंगचा अनुभव आहे.' अशा कागदाने काहीही साधत नाही.

त्याऐवजी घरी शांतपणे बसून एका वहीत पुढील पाच प्रश्नांची उत्तरे लिहावीत. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, व्याकरणाची चिंता करू नका.

१) मी कोणती यंत्रे व हत्यारे स्वतः चालवतो?
२) कोणत्या मालावर काम करतो? त्याची जाडी, जात, माप काय?
३) एका पाळीत किंवा एका दिवसात किती काम उतरवतो?
४) माझ्यावर कोणती जबाबदारी होती? माणसे, पैसा, चावी, माल?
५) बिघाड झाला तर त्यातले काय मी स्वतः दुरुस्त करतो?

प्रत्येक धंद्यात ही उत्तरे वेगळी येतील. लेथवर काम करणाऱ्याने केवळ 'टर्नर' लिहून थांबू नये. व्हर्निअर व मायक्रोमीटरने माप घेता येते काय, आटे पाडता येतात काय, ड्रॉइंग वाचता येते काय, सीएनसी यंत्रावर काम केले असल्यास ते कोणत्या कंट्रोलवर, हे लिहावे. यंत्रमागावरील कामगाराने किती माग एकट्याने सांभाळतो, साधा माग की रॅपियर, डॉबी की जॅकार्ड, तुटलेले धागे जोडण्याखेरीज मागाची दुरुस्ती येते काय, हे सांगावे. शिवणकाम करणाऱ्याने कटिंग येते की फक्त शिलाई, ओव्हरलॉक चालवतो काय, शर्ट, पॅन्ट, शेरवानी की बुरखा यांपैकी काय पूर्ण तयार करतो, हे नोंदवावे. एसी मेकॅनिकने विंडो, स्प्लिट की मोठे प्लँट, गॅस चार्जिंग व ब्रेझिंग येते काय, हे लिहावे. सुताराने फर्निचरचे काम की शटरिंगचे, हे स्पष्ट करावे. बाहेरच्याला दोघेही 'कारपेंटर'च वाटतात, पण कामे अगदी वेगळी आहेत.

पाच प्रश्नांची उत्तरे दोन पाने भरून झाली की मग ज्या नोकरीसाठी अर्ज करावयाचा तिची जाहिरात समोर ठेवावी व त्या नोकरीला उपयोगी तेवढेच निवडावे. लिओनार्दो द विंची हा जगप्रसिद्ध चित्रकार. त्याने सुमारे १४८२ साली मिलानच्या शासकाला काम मागण्यासाठी जे पत्र तयार केले त्यात पूल, तोफा, वेढ्याची साधने अशी युद्धोपयोगी कामे एकामागून एक मांडली व चित्रकलेचा उल्लेख अगदी शेवटी केला. कारण शासकाची गरज युद्धाची होती. आपल्याला काय आवडते यापेक्षा समोरच्याला काय हवे आहे, हे तो जाणून होता. गिऱ्हाईक ओळखून माल काढणाऱ्या दुकानदाराला हे निराळे शिकवावे लागू नये.

मांडणी कशी असावी?

कारागिराचा बायोडाटा एका पानात मावला पाहिजे. एका फॅब्रिकेशन कारागिराचा नमुना पाहा :

नाव : (आधार किंवा पासपोर्टवर आहे तसेच)
काम : वेल्डर-फॅब्रिकेटर, अनुभव ९ वर्षे
राहणार : गाव, तालुका, जिल्हा. मोबाइल क्रमांक
येणारी कामे : आर्क व मिग वेल्डिंग. २ मि.मी. पत्र्यापासून १२ मि.मी. प्लेटपर्यंत माइल्ड स्टील. गॅस कटिंग. ड्रॉइंगवरून मापे काढून कटिंगची यादी करणे.
अनुभव : २०१८ ते २०२४, फॅब्रिकेशन वर्कशॉप, (ठिकाण). शेडचे ट्रस, जिने व दरवाजे. तीन मदतनिसांवर देखरेख, आलेला माल मोजून घेणे. २०१५ ते २०१८, गेट व ग्रिलचे दुकान, (ठिकाण). मदतनीस म्हणून सुरुवात, दुसऱ्या वर्षापासून स्वतंत्र वेल्डिंग.
शिक्षण : नववी उत्तीर्ण, उर्दू माध्यम
भाषा : मराठी, उर्दू, हिंदी. मराठी व उर्दू लिहिता-वाचता येते.
माहिती देणारे : दोन व्यक्तींची नावे व मोबाइल क्रमांक, त्यांच्या परवानगीने

येथे तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, काम व अनुभव वर आहे, शिक्षण खाली. ज्याचे शिक्षण थोडे व अनुभव मोठा त्याने हाच क्रम ठेवावा. दुसरी, अलीकडची नोकरी आधी व जुनी नंतर. तिसरी, नववी शिकलेला असल्यास 'नववी' असेच लिहिले आहे, ते लपवलेले नाही.

मधला काळ रिकामा गेला असेल, जसे २०२० च्या टाळेबंदीत कारखाना बंद पडला किंवा घरात आजारपण होते, तर एका ओळीत खरे कारण लिहावे. कारण न लिहिता सोडलेली जागा संशय निर्माण करते.

औद्योगिक वसाहतीतील कंपनीसाठी कागद साध्या इंग्रजीत असलेला बरा. स्थानिक दुकान किंवा कारखान्यासाठी मराठी पुरते. इंग्रजीसाठी मोहल्ल्यातील शिकलेल्या मुलाची मदत जरूर घ्यावी, परंतु प्रत्येक ओळीचा अर्थ त्याच्याकडून समजून घ्यावा. स्वतःच्या कागदावरील शब्दाचा अर्थ मुलाखतीत सांगता आला नाही, तर खरे कामही खोटे वाटते. कागद मोबाइलवरून पाठवावयाचा असल्यास त्याची पीडीएफ करावी व फाइलला स्वतःचे नाव आणि काम द्यावे. सोबत स्वतः केलेल्या कामाची चार-पाच स्वच्छ छायाचित्रे असावीत.

दुकान चालवलेल्याने काय लिहावे?

धंदा मोडला म्हणून किंवा दुकान भावाला देऊन नोकरी शोधणारे अनेक तरुण लिहितात, 'अनुभव नाही.' हा स्वतःवरच अन्याय आहे. वडिलांच्या किराणा, कापड वा हार्डवेअरच्या दुकानात सहा वर्षे बसलेल्याने पुष्कळ काही केलेले असते : काउंटरवरील विक्री, घाऊक बाजारातून खरेदी व भाव ठरवणे, रोजच्या रोकडीची मिळवणी, उधारीची वसुली, सणासुदीचा साठा, टॅलीवर नोंदी, २०१७ पासून जीएसटीची बिले. हीच कामे कंपनीचा भांडारपाल, विक्री प्रतिनिधी व हिशेबनीस करतो. तेव्हा 'दुकानात बसत होतो' असे न लिहिता यातील जे जे केले ते लिहावे.

हाच न्याय आपल्या भगिनींना लागू आहे. घरी बसून जरीकाम, फॉल-पिको किंवा कपड्यांची शिलाई करणाऱ्या भगिनी वर्षानुवर्षे ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या मापात माल देतात. तोही अनुभव आहे. किती वर्षे, कोणत्या प्रकारचे काम, आठवड्याला किती नग, हे लिहिले की तो कागदावर उभा राहतो.

नावाचा घोळ

आपल्या समाजात हा प्रश्न इतरांपेक्षा अधिक बिकट आहे. शाळेचा दाखला उर्दू शाळेचा, रेशनकार्ड मराठीत व पासपोर्ट इंग्रजीत. एकच माणूस एका ठिकाणी 'शेख', दुसऱ्या ठिकाणी 'शैख', एका कागदावर 'मोहम्मद', दुसऱ्यावर 'मोहंमद' व तिसऱ्यावर नुसताच 'मोहद'. कोठे आडनाव आधी, कोठे शेवटी, कोठे मुळीच नाही. भरतीच्या वेळी कंपनी कागद ताडून पाहते आणि जुळले नाही की पक्की झालेली नोकरी अडकते. आखातात तर हा प्रश्न विमानतळापर्यंत जातो. २०२२ च्या नोव्हेंबरपासून संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर केवळ एकच नाव असलेल्या प्रवाशांना पर्यटन व भेट-व्हिसावर प्रवेश देणे थांबवले.

म्हणून बायोडाटा लिहिण्यापूर्वी सर्व कागद एका रांगेत मांडावेत व नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर ताडून पाहावी. एक रूप निश्चित करून इतर कागद त्यानुसार दुरुस्त करून घ्यावेत. गरज पडल्यास महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावातील बदल प्रसिद्ध करता येतो. बायोडाटात तेच एक रूप वापरावे.

पुरावा कोठून आणावा?

उस्तादाकडे शिकलेल्याला प्रमाणपत्र नसते, ही खरी अडचण आहे. परंतु मार्ग आहेत. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय ठेवली गेली. तिला थोडक्यात 'आरपीएल' म्हणतात. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपी, सुतार, लोहार, गवंडी, कुलपे बनवणारे अशा १८ पारंपरिक व्यवसायांतील कारागिरांना प्रमाणपत्र व ओळखपत्राची तरतूद आहे. ती योजना मुख्यतः स्वतःचा धंदा करणाऱ्यांसाठी असली, तरी तो कागद कामाची साक्ष म्हणून दाखवता येतो. जवळच्या आयटीआयमध्ये जाऊन परीक्षेची चौकशी केल्यास आपल्या व्यवसायासाठी कोणता मार्ग खुला आहे ते कळेल. पूर्वीच्या कारखान्यात भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल, तर त्याचे पासबुक हाही नोकरीचा भक्कम पुरावा होय.

सर्वांत जवळचा पुरावा मात्र मालकाचे अनुभवपत्र. येथे या पानाच्या वाचकांपैकी जे कारखानदार व उस्ताद आहेत त्यांना चार शब्द सांगणे आवश्यक आहे. शागीर्द म्हणतो, "उस्ताद, चार ओळी लिहून द्या." उस्ताद आज-उद्या करतो. मनात भीती असते की कागद दिला की पोरगा जाईल. ती भीती खोटी नाही. शिकवलेला हात गेला की नुकसान होतेच. परंतु कागद अडवून ठेवल्याने जाणारा थांबत नाही, तो मन कडू करून जातो. मजुराची मजुरी त्याचा घाम सुकण्यापूर्वी देण्याची ताकीद प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली आहे. ज्याने सात वर्षे आपल्याकडे घाम गाळला, त्याला त्या सात वर्षांची साक्ष देणे हा त्याच्या हक्काचाच एक भाग समजावयास नको काय? शिवाय येथे काम शिकले की पुढे वाट निघते, अशी ख्याती झालेल्या उस्तादाकडे चांगली मुले आपणहून येतात.

अनुभवपत्र दुकानाच्या लेटरहेडवर असावे. गुमास्ता किंवा उद्यम नोंदणीचा क्रमांक, कारागिराचे पूर्ण नाव, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, नेमके काम काय, वर्तणूक कशी, तारीख, सही व मालकाचा मोबाइल, एवढे त्यात पुरे. पाच मिनिटांचे काम आहे.

ओला माल खाली दडवू नका

बाजारात अनुभवपत्रे विकत मिळतात, हे उघड गुपित आहे. तीन वर्षांची सात वर्षे करून देणारेही आहेत. बाजारातील धान्याच्या ढिगात प्रेषित (स.) यांनी हात घातला असता आतील धान्य ओले निघाले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे असे त्यांनी बजावले, हा प्रसंग प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. खोटा बायोडाटा म्हणजे वर कोरडा व खाली ओला असा ढीगच होय. खोटी साक्ष तर मोठ्या पापांत गणली गेली आहे. तेव्हा खोटे पत्र घेणारा व देणारा, दोघांनीही विचार करावा.

व्यवहारातही ते टिकत नाही. कारागिराची परीक्षा कागदावर संपत नाही, पुढे ट्रेड टेस्ट असते. हातात होल्डर दिला की पहिल्याच टाक्यात अनुभव कळतो. म्हणून एकच नियम पाळावा : उद्या सकाळी करून दाखवता येईल तेवढेच लिहावे.

आखातात जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी

आखाती नोकरीच्या बायोडाटात जन्मतारीख, पासपोर्टची मुदत, त्यावर उत्प्रवास परवानगी आवश्यक असल्याची नोंद आहे काय, वाहन परवाना व पूर्वी त्या देशात काम केले असल्यास त्याची वर्षे द्यावी लागतात. दहावी उत्तीर्ण असल्यास ते अवश्य लिहावे. सामान्यतः दहावी उत्तीर्ण व्यक्तीला या परवानगीची गरज पडत नाही. सौदी अरबने प्लंबर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन यांसारख्या व्यवसायांसाठी कौशल्य-चाचणी लागू केली आहे. तेथे जाणाऱ्याने आपला व्यवसाय त्या यादीत आहे काय ते आधी पाहावे.

कागद कोणाच्या हाती देतो, यालाही महत्त्व आहे. एजंट १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदलेला आहे काय, हे सरकारच्या ई-मायग्रेट व्यवस्थेवर ताडून पाहता येते. त्याच्या सेवाशुल्काला ३० हजार रुपये अधिक जीएसटी अशी कमाल मर्यादा आहे व पावती घेणे आपला हक्क आहे. मूळ पासपोर्ट, आधार क्रमांक व बँकेचा तपशील बायोडाटासोबत कोणालाही वाटत सुटू नये.

नावामुळे दार बंद झाले तर?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. सुखदेव थोरात व पॉल अटेवेल यांनी २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त एक अभ्यास प्रसिद्ध केला. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी पदवीधरांचे अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फक्त नावे वेगळी. मुस्लिम नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत सुमारे एकतृतीयांश भरली. दलित नावालाही तोटा झाला.

म्हणजे तक्रार काल्पनिक नाही. मग काही तरुण नाव तोडून-मोडून लिहितात. तसे करू नये. कागद पडताळताना ते उघड होते व प्रामाणिक माणूस खोटा ठरतो. मग करावयाचे काय? एक म्हणजे, कागद इतका नेमका असावा की नाकारणाऱ्यालाही आपले नुकसान दिसावे. दुसरे म्हणजे, एका अर्जावर विसंबून न राहता वीस ठिकाणी अर्ज करावेत व कोठे, कधी दिला याची वही ठेवावी. तिसरे व सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जेथे आपले काम पाहिलेला माणूस आहे तेथे आधी जावे. ज्या कंत्राटदाराला माल दिला, ज्या अभियंत्याने काम तपासले, ज्या गिऱ्हाइकाचे यंत्र दुरुस्त केले, त्यांत सर्व समाजांचे लोक असतात. काम पाहिलेल्या माणसाला नावाआधी काम आठवते. अशा दोन माणसांचे क्रमांक बायोडाटाच्या तळाशी असले तर त्या कागदाचे वजन वाढते.

शेवटी एक सूचना. प्रत्येक मोहल्ल्यात शिकलेली दोन-चार मुले असतातच. जुम्याच्या नमाजनंतर महिन्यातून एकदा तासभर मदरशाच्या किंवा वाचनालयाच्या खोलीत बसून त्यांनी कारागिरांचे बायोडाटा लिहून द्यावेत. खर्च फक्त झेरॉक्सचा. रोजी देणारा अल्लाह आहे, परंतु हातपाय हलवण्याची जबाबदारी आपली आहे. येत्या सुटीच्या दिवशी ती वही घ्या व पाच प्रश्नांची उत्तरे लिहावयास प्रारंभ करा. इन्शाअल्लाह, पुढचे दार तुमच्या खऱ्या कामाच्या नावाने उघडेल.